ऑपरेशनच्या वॉर्डात पार्किन्सनची गोळी कोण देणार?

दांडिया बाजारातल्या एका ताईंचा प्रश्न आहे. त्यांचे वडील, अप्पा, वय ७१. ८ वर्षांपासून पार्किन्सन. सिंडोपा ११० ही लेव्होडोपाची गोळी (मेंदूत तिचं डोपामिन होतं, पार्किन्सनमध्ये तेच कमी पडतं) रोज ५ वेळा आणि सकाळी रासाजिलिनची एक गोळी. गेलं वर्षभर बद्धकोष्ठता वाढत गेली, "पार्किन्सनमध्ये असतेच" म्हणून घरच्यांनी इसबगोल वाढवलं. गेल्या महिन्यात जिना चढताना दम लागायला लागला म्हणून रक्त तपासलं, तर हिमोग्लोबिन ८. मग कोलोनोस्कोपी. मोठ्या आतड्याच्या डाव्या बाजूला, सिग्मॉइडमध्ये गाठ, आणि बायोप्सीत कॅन्सर. सीटीमध्ये लिव्हर आणि फुप्फुसं स्वच्छ आहेत. सर्जननी ऑपरेशन सांगितलंय, किमोचं नंतर ठरेल. ताई विचारतात: इतक्या वर्षांच्या गोळ्यांमुळे हे झालं का? आमचं दुर्लक्ष झालं का? अप्पांना सांगायचं का? आणि दोन-दोन आजार त्यांना झेपतील का?

मी न्यूरॉलॉजिस्ट, बडोद्यात २६ वर्षं प्रॅक्टिस करते. कॅन्सर हा माझा विषय नाही. पण पार्किन्सनच्या माणसाला कॅन्सर निघाला की पुढच्या सहा महिन्यांत काय काय बिघडतं ते बऱ्याचदा माझ्याच दारात येतं. म्हणून ताईंच्या चार प्रश्नांना उत्तरं देतेच, पण त्यांनी न विचारलेला एक पाचवा प्रश्न आहे, तो वर मथळ्यात घातलाय. जास्त वेळ त्याच्यावरच जाणार आहे.

आधी गोळ्यांचं. नाही, सिंडोपामुळे आतड्याचा कॅन्सर होत नाही. पार्किन्सनच्या रुग्णांमध्ये मेलानोमा हा त्वचेचा कॅन्सर इतरांपेक्षा जास्त आढळतो हे खरं आहे. लेव्होडोपा आणि त्वचेचं मेलॅनिन एकाच रासायनिक वाटेवरचे, म्हणून एके काळी गोळीवर संशय घेतला गेला, पण तो सिद्ध झालेला नाही, आणि मेलानोमा आपल्याकडे मुळात दुर्मिळ. बाकीचे कॅन्सर धरले तर अनेक अभ्यासांत पार्किन्सनवाल्यांमध्ये प्रमाण उलट थोडं कमीच दिसलंय. तेव्हा गोळीवर राग काढून ती कमी करू नका. हे मुद्दाम लिहिते, कारण "आता आधी कॅन्सरचं बघू, ह्या गोळ्या जरा थांबवू" असं म्हणणारा एक तरी काका प्रत्येक घरात असतो.

दुर्लक्षाचं उत्तर जरा अवघड आहे. पार्किन्सनमध्ये बद्धकोष्ठता असते, कित्येकांना हात थरथरायच्या आधी कैक वर्षं असते. वजनही उतरतं. थकवा तर असतोच. आतड्याच्या कॅन्सरचीही हीच लक्षणं. त्यामुळे दुसरा आजार पहिल्याच्या पांघरुणात झोपून राहतो. मी स्वतः एका बाईंचं ६ किलो उतरलेलं वजन "डिस्कायनेशियामुळे, म्हणजे अंग आपोआप हलत राहिल्यामुळे, उष्मांक जास्त जळतात" असं समजावून सांगितलं होतं, मोठ्या आत्मविश्वासानं. चार महिन्यांनी त्यांच्या पोटात पाणी झालं तेव्हा कॅन्सर असल्याचं कळलं. तेव्हापासून पार्किन्सनच्या प्रत्येक माणसाला मी बद्धकोष्ठता आहे का एवढंच विचारत नाही, बदलली का ते विचारते. दहा वर्षं तीन दिवसांनी होणारी शौच तीनच दिवसांनी होत असेल तर ठीक. पण शौच बारीक झाली, मध्येच जुलाब आणि परत बद्धकोष्ठता असं व्हायला लागलं, रक्त दिसलं, हिमोग्लोबिन घसरलं, तर ते पार्किन्सनच्या खात्यात टाकायचं नाही. तुम्ही इसबगोल वाढवलंत, मी उष्मांक सांगितले. माहिती नसताना झालेल्या गोष्टीला दुर्लक्ष म्हणत नाहीत. आणि लिव्हर स्वच्छ आहे म्हणजे बस चुकलेली नाही.

आता पाचवा प्रश्न.

साधारण पंधरा वर्षांपूर्वीची गोष्ट. माझे एक रुग्ण, गिरणीतून निवृत्त झालेले, आयुष्यभर तंबाखूचा बार भरलेला. गालाचा कॅन्सर निघाला. ऑपरेशन एका मोठ्या हॉस्पिटलात झालं आणि उत्तम झालं. मला तिसऱ्या रात्री फोन आला: पेशंट लाकडासारखा कडक झालाय, ताप १०३, ओळखत नाही. जाऊन केस पेपर बघितला. सिंडोपाच्या पाचही चौकटींत दोन दिवस एकच शेरा, 'उपाशी, दिली नाही'. खालच्या ओळीत दर आठ तासांनी उलटीचं इंजेक्शन, मेटोक्लोप्रामाइड. एकीकडे मेंदूला मिळणारं डोपामिन बंद केलं आणि दुसरीकडे जे उरलं होतं त्याच्या वाटेवर दगड टाकला.

काकू कॉटजवळ स्टुलावर बसल्या होत्या. मांडीवर पर्स, पर्समध्ये स्टीलची गोल डबी, मसाल्याच्या डब्यासारखी आत पाच वाट्या. प्रत्येक वाटीवर मार्करनं वेळ लिहिलेली. गोळ्या जशाच्या तशा. "मी सिस्टरला म्हटलं हो, दर वेळेला म्हटलं," त्या मला सांगत होत्या, "ती म्हणाली, डॉक्टरनी लिहिलेलं नाही, आपण नाही देऊ शकत." सिस्टरचं चुकलं नव्हतं. सर्जननी लिहिलं नव्हतं, कारण त्यांना कुणी लेखी सांगितलं नव्हतं. सांगायचं काम माझं होतं. मी फोनवर "गोळ्या चालू ठेवा बरं का" एवढं म्हणून मोकळी झाले होते. नाकातल्या नळीतून गोळ्या कुटून सुरू केल्या, ते इंजेक्शन बंद केलं, दहा दिवसांनी काका उठून बसले. पण ते दहा दिवस मी विसरलेली नाही.

लेव्होडोपा रक्तात टिकतच मुळी दीड-दोन तास. म्हणून तुमचे अप्पा दिवसातून ५ वेळा गोळी घेतात. ब्लडप्रेशरची गोळी एक दिवस चुकली तर चालून जातं, ही एक वेळ चुकली तर माणूस कॉटवर कूस बदलू शकत नाही, खोकू शकत नाही, गिळू शकत नाही. न खोकणाऱ्या माणसाला ऑपरेशननंतर न्यूमोनिया होतो. आणि अचानक पूर्ण बंद झाली तर ताप, कडकपणा, भ्रम असं जे काकांचं झालं ते जिवावर बेततं. कॅन्सरच्या वॉर्डातली माणसं आपल्या कामात निष्णात असतात, पण दहा कॉटमध्ये पार्किन्सनचा एकच असतो. त्याचं घड्याळ त्याच्याबरोबर वॉर्डात न्यावं लागतं.

म्हणून तुमच्या न्यूरॉलॉजिस्टकडून ऑपरेशनच्या आधी एक पत्र घ्या. फोन नको, पत्र. एका पानात मावणारं, आणि त्याच्या चार झेरॉक्स: सर्जन, भूलतज्ज्ञ, वॉर्डची सिस्टर, आणि एक तुमच्या पर्समध्ये. मी जे लिहून देते ते साधारण असं असतं:

"यांना पार्किन्सन आहे. सिंडोपा ११०, सकाळी ७, १०.३०, दुपारी १.३०, ४.३०, संध्याकाळी ७.३०. अर्ध्या तासापेक्षा जास्त उशीर नको. ऑपरेशनच्या दिवशी सकाळची गोळी घोटभर पाण्याबरोबर द्यावी. तोंडाने शक्य नसेल तर कुटून, पाण्यात कालवून राइल्स ट्यूबमधून. सीआर गोळी कुटू नये. मेटोक्लोप्रामाइड, प्रोक्लोरपेराझिन, प्रोमेथाझिन, हॅलोपेरिडॉल, ओलान्झापिन, लेव्होसल्पिराइड देऊ नये. उलटीसाठी ऑनडॅनसेट्रॉन चालेल. भ्रम झाला तर आधी मला फोन, औषध लागलंच तर क्वेटियापिन लहान डोस. रासाजिलिन चालू आहे, ट्रामाडॉल आणि पेथिडिन टाळावं."

राइल्स ट्यूब म्हणजे नाकातली नळी, सीआर म्हणजे हळूहळू विरघळणारी गोळी. ह्यातली काही नावं तुम्हाला दुकानातल्या नावांनी ओळखता यायला हवीत. मेटोक्लोप्रामाइड म्हणजे पेरिनॉर्म, प्रोक्लोरपेराझिन म्हणजे स्टेमेटिल, प्रोमेथाझिन म्हणजे फेनर्गन. ही वाईट औषधं नाहीत. तुम्हाआम्हाला उलटी झाली तर खुशाल द्यावीत. ती डोपामिनची दारं बंद करतात, आणि अप्पांच्या घरात आधीच एकच दार उघडं आहे. सगळ्यात छुपं लेव्होसल्पिराइड. ॲसिडिटीच्या कॅप्सूलमध्ये राबेप्राझोलच्या जोडीला ते असतं, पट्टीवर बारीक अक्षरात. "गॅसची गोळी" म्हणून कुणीही देतं. घरी सध्या जी काही ॲसिडिटीची पट्टी आहे ती आजच चष्मा लावून वाचा. चक्करेवर दिलेलं सिन्नारिझिन किंवा फ्लुनारिझिनही त्याच माळेतलं.

ओलान्झापिनचं वेगळं सांगते. जास्त उलट्या करणाऱ्या किमोमध्ये ते आता उलटी रोखायला सर्रास देतात, आणि त्या कामात ते खरंच चांगलं आहे. त्यामुळे किमोच्या छापील ऑर्डरमध्ये ते आपोआप येऊ शकतं. डे-केअरमध्ये सिस्टर औषधं काढायला लागली की विचारायचं. ऑनडॅनसेट्रॉन, ग्रॅनिसेट्रॉन, पॅलोनोसेट्रॉन, ॲप्रेपिटंट, डेक्सामेथासोन ही चालतात. डेक्सानं रात्रीची झोप उडते आणि साखर चढते, एवढं लक्षात ठेवा. डॉम्पेरिडॉन मेंदूत फारसं जात नाही म्हणून चालतं, पण आधी ईसीजी बघून.

रासाजिलिनबद्दल भूलतज्ज्ञांना भेटीतच विचारा. काही जण ते ऑपरेशनच्या दोन आठवडे आधी थांबवायला सांगतात, काही चालू ठेवून दुखण्याची औषधं बदलतात. दोन्ही ठीक आहे. तुम्ही आपापलं थांबवू नका, आणि न सांगता चालूही ठेवू नका.

ऑपरेशनच्या आधी साधारण दोन-तीन आठवडे मिळतात. आतडं अडलेलं नसेल तर हा वेळ गेल्यानं नुकसान नाही, फायदा करून घ्या. हिमोग्लोबिन ८ वर आहे, तर लोहाची गोळी कुणीतरी लिहून देईल. ती लेव्होडोपाला आतड्यातच धरून ठेवते, वर बद्धकोष्ठता वाढवते. शिरेतून लोह देता येतं, ते विचारा. गोळीच द्यायची झाली तर सिंडोपापासून दोन तास लांब. रोज सकाळी गोळीनंतर पाऊण तासानं, म्हणजे अंग मोकळं असताना, वीस मिनिटं चालणं. तीन चेंडूंचं श्वासाचं यंत्र मिळतं, ते आतापासून वापरायला लावा, ऑपरेशननंतर शिकवून येत नाही. पोट साफ करायचं औषध द्यायचं ठरलं तर ते पिताना गोळ्यांची वेळ एक तास आधी गाठा, नाहीतर गोळी तशीच वाहून जाईल. त्या रात्री अप्पा दहा वेळा उठणार, बीपी उतरणार, संडासाच्या उंबऱ्यात पाय खिळणार. कुणीतरी खोलीत झोपा, दिवा चालू ठेवा, आणि उंबऱ्यापाशी ओढू नका. "डावा, उजवा" मोठ्यानं म्हणा किंवा फरशीची रेघ दाखवा, पाय सुटतो.

सर्जनना एक प्रश्न नक्की विचारा: पोटावर पिशवी लागण्याची शक्यता किती? सिग्मॉइडच्या गाठीत बहुतेकदा आतडं लगेच जोडतात, पण काही वेळा तात्पुरता स्टोमा, म्हणजे शौचासाठी पोटावर काढलेलं आतड्याचं तोंड, करावा लागतो. थरथरत्या हातानं पिशवीची गोल कड कातरणं, चिकटवणं जमत नाही. बोटांची ताकद नसते असं नाही, बारीक हालचाल जमत नाही. शक्यता असेल तर स्टोमाची जागा आधी खूण करून ठेवायला सांगा, बसलेल्या स्थितीत, कारण पार्किन्सनमध्ये माणूस वाकतो आणि पोटाच्या वळ्या बसल्यावरच दिसतात. बदलायचं आई शिकणार की तुम्ही, तेही आधी ठरवा.

आणि सकाळची पहिली केस मागा. दुपारी दोनची वेळ मिळाली तर तीन गोळ्या जातात.

ऑपरेशननंतर दोन-तीन दिवस भ्रम होऊ शकतो. पार्किन्सनच्या मेंदूला भूल, ताप, अपुरी झोप एवढं पुरे असतं. चष्मा, कवळी, कानाचं यंत्र जवळ ठेवा, समोर घड्याळ दिसू द्या, दिवसा पडदे उघडे. आणखी एक खास आपल्या गावचं: बडोद्यातले आपले म्हातारे शुद्धीत असताना झकास गुजराती बोलतात, भ्रमात मात्र मराठीवर येतात. सिस्टर विचारते "काका, केम छो?" आणि काका तिच्याकडे बघत राहतात. ती लिहिते, 'प्रतिसाद नाही'. तुमच्यापैकी एक जण जवळ असलात आणि मराठीत विचारलंत तर तेच काका सांगतात, "पाणी दे गं, घसा सुकलाय."

हाच धागा धरून अप्पांना सांगायचं का, त्याकडे येते. पार्किन्सनचा चेहरा हलत नाही. आवाज बारीक होतो. प्रश्न विचारला की उत्तर यायला आठ-दहा सेकंद लागतात. कॅन्सरच्या ओपीडीत दहा सेकंद कुणी थांबत नाही. डॉक्टर विचारतात, अप्पा गप्प, मुलगी उत्तर देते, आणि पंधरा मिनिटांत सगळं अप्पांच्या डोक्यावरून ठरून जातं. बाहेरून वाटतं, ह्यांना कळत नाही, किंवा खचलेत, किंवा सांगून तरी काय फरक पडणार. मी अशा कितीतरी "न कळणाऱ्या" माणसांशी गोळी लागू झालेली असताना, शेजारी खुर्ची ओढून बोलले आहे. बहुतेकांना माहीत होतं. एक जण म्हणाले, "पोरं फोनवर बोलताना गॅलरीत जायला लागली तेव्हाच समजलं."

तेव्हा सांगा. तुम्ही घरी "गाठ आहे, काढायची आहे" असं म्हणत असाल तर तिथूनच सुरू करा, पण कॅन्सर हा शब्द त्यांनी विचारला तर खोटं बोलू नका. वेळ निवडा: सकाळच्या गोळीनंतर पाऊण तासानं, टीव्ही बंद, तुम्ही आणि आई दोघीच. एक वाक्य सांगा आणि मनात दहापर्यंत मोजा. चेहऱ्यावर काही दिसलं नाही म्हणून पुढचं वाक्य घाईनं टाकू नका, चेहऱ्यावर दिसणार नाहीच. ऑन्कॉलॉजिस्टच्या भेटीची वेळही गोळीच्या वेळेवरून ठरवा, आणि आत गेल्यावर पहिलं वाक्य तुमचं असू द्या: "ह्यांना सगळं कळतं, उत्तराला वेळ लागतो." संमतीपत्रावर सही अगदी बारीक, किड्यामुंग्यांसारखी येईल. तोही पार्किन्सनच. घाबरून सही केली असा अर्थ काढू नका. अप्पांना खरंच उदास वाटत असेल, जेवण सुटलं असेल, तर ते मला किंवा तुमच्या डॉक्टरांना सांगा, त्यावर औषध आहे. फक्त रासाजिलिनबरोबर कोणतं द्यायचं हे बघावं लागतं.

झेपेल का? ऑपरेशन, बऱ्याच अंशी हो, गोळ्यांचं घड्याळ सांभाळलं तर. पार्किन्सन आहे म्हणून बरा होण्याजोगा कॅन्सर तसाच सोडून द्यावा असं मी म्हणणार नाही. किमोचं मात्र रिपोर्ट आल्यावर, भरपूर प्रश्न विचारून ठरवा. लसिका ग्रंथींत काही नसेल तर बहुधा लागणारही नाही. ग्रंथींत कॅन्सर निघाला तर दोन औषधांची जोडी सुचवतात, ऑक्झॅलिप्लॅटिन आणि कॅपेसिटाबिन. ऑक्झॅलिप्लॅटिननं तळपाय बधिर होतात, थंड वस्तूला हात लावला की झिणझिण्या येतात, आणि हा बधिरपणा कित्येकदा किमो संपल्यावरही उरतो. ज्याचा तोल आधीच गेलेला आहे त्याचे पायही गेले तर तो पडतो, आणि खुब्याचं हाड मोडणं हे ७१ व्या वर्षी कॅन्सरइतकंच गंभीर. सत्तरीपुढे ह्या औषधाचा जादा फायदा तसाही फारसा सिद्ध झालेला नाही. तेव्हा ऑन्कॉलॉजिस्टना स्पष्ट विचारा: "फक्त गोळ्यांवर भागेल का, आणि फरक किती टक्क्यांचा पडेल?" हा प्रश्न विचारला म्हणून चांगला डॉक्टर रागावत नाही.

कॅपेसिटाबिन गोळीच्या रूपात, दिवसातून दोनदा, जेवणानंतर अर्ध्या तासाच्या आत. १४ दिवस घ्यायची, ७ दिवस सुट्टी. सिंडोपा उलट, जेवणाच्या अर्धा-पाऊण तास आधी. हे दोन्ही जुळतं: ७ ला सिंडोपा, पावणेआठला न्याहारी, सव्वाआठला कॅपेसिटाबिन. संध्याकाळी साडेसातला सिंडोपा, सव्वाआठला जेवण, पावणेनऊला कॅपेसिटाबिन. फ्रिजवर कागद लावून टाका. लोहाच्या गोळीत बहुधा फॉलिक ॲसिड असतं, आणि ते कॅपेसिटाबिनचा त्रास वाढवू शकतं, हे ऑन्कॉलॉजिस्टच्या कानावर घाला. जुलाब झाले तर पार्किन्सनवाल्याचं बीपी उभं राहिल्यावर धाडकन उतरतं, मीठ-साखर-पाणी तयार ठेवा. तळहात-तळपाय लाल होऊन दुखायला लागले तर पुढची गोळी घेण्याआधी फोन करा.

जेवणाबद्दल हमखास भांडण होतं. कॅन्सरचे आहारतज्ज्ञ प्रोटीन पावडर वाढवायला सांगतात, आणि पार्किन्सनमध्ये प्रोटीन लेव्होडोपाची वाट अडवतं, कारण दोघांना एकाच दारातून आत शिरायचं असतं. म्हणून कुणी प्रोटीन बंद करतं, कुणी पावडर गोळीबरोबरच दुधात देतं. दोन्ही चूक. अप्पांना आत्ता प्रोटीन हवंच आहे. गोळीपासून लांब द्या, आणि जास्तीचा वाटा रात्री, जेव्हा चालायचं-फिरायचं नसतं. दिवसा पोहे, उपमा, भाकरी, फळं, रात्री वरण, पनीर, अंडं चालत असेल तर अंडं. कुणीतरी कवचबीजाचं चूर्ण आणून देईल. त्यात नैसर्गिक लेव्होडोपा असतं, म्हणूनच ते नको, डोस किती गेला हे कळत नाही. गव्हांकुर, पपईच्या पानांचा रस वगैरे किमोच्या काळात ठेवूनच द्या. आणणाऱ्याला "हो, देतो" म्हणा.

पैशाचं: अप्पा ७१ चे आहेत. ऑक्टोबर २०२४ पासून ७० आणि त्यावरच्या वयाच्या सगळ्यांना, उत्पन्न कितीही असो, आयुष्मानचं वय वंदना कार्ड मिळतं, वर्षाला ५ लाखांपर्यंत. आधार कार्डावर निघतं. ते आधी काढा आणि मगच हॉस्पिटल ठरवा, कारण प्रत्येक ठिकाणी चालतं असं नाही. सयाजी हॉस्पिटल आहे, गोरजला मुनि सेवा आश्रमाचं कैलास कॅन्सर हॉस्पिटल आहे, अहमदाबादला सिव्हिलच्या आवारातली कॅन्सर इन्स्टिट्यूट आहे. गोरज लांब पडतं असं वाटेल, पण किमोची गोळी घरीच घ्यायची असेल तर फेऱ्या थोड्या होतात. फक्त निघायची वेळ अशी धरा की वाटेत येणारी गोळी गाडीत घेता येईल. पाण्याची बाटली मागच्या सीटवर नको, हाताशी.

पळत केव्हा जायचं, हे आईंनाही सांगून ठेवा. पोट फुगलं, गॅससुद्धा सरत नाही आणि उलट्या व्हायला लागल्या, तर रोजची बद्धकोष्ठता समजून सकाळची वाट बघू नका, आतडं अडलं असेल. ऑपरेशनच्या आधीही हे होऊ शकतं. किमो चालू असताना ताप १००.४ च्या वर गेला तर त्याच रात्री. कॅपेसिटाबिन घेताना छातीत दुखलं तर गोळी बंद आणि सरळ इमर्जन्सी. तापाबरोबर अंग कडक झालं असेल तर आधी गोळ्यांची डबी उघडून बघा, किती राहिल्या आहेत ते.

आईंबद्दल तुम्ही एकच ओळ लिहिली आहे, "ती बघतेच सगळं". आठ वर्षं बघते आहे. रात्री अप्पा झोपेत लाथा मारतात का, ओरडतात का, हे मी विचारलं तर त्या हसतील आणि म्हणतील, चालायचंच. किमोच्या १४ दिवसांत निदान चार रात्री तुम्ही तिथे झोपा. कॅनडातल्या भावाला रोज नवा लेख पाठवण्याऐवजी एक नेमून दिलेलं काम द्या: त्यांच्या रात्री ९.३० वाजता इकडे सकाळचे ७ असतात (हिवाळ्यात ८.३०, शहर पूर्वेकडचं असेल तर). रोज व्हिडिओ कॉल करून अप्पांना पहिली गोळी घ्यायला लावायची. मुलाच्या समोर अप्पा गोळी टाळत नाहीत, हे मी दोन घरांत बघितलंय.

तुमचं वय लिहिलेलं नाही. चाळिशीच्या पुढे असाल तर अप्पांचं मार्गी लागल्यावर तुमची आणि भावाची कोलोनोस्कोपी केव्हा करायची हे त्याच सर्जनना विचारून ठेवा.

ऑपरेशनची तारीख कळली की आदल्या आठवड्यात न्यूरॉलॉजिस्टकडे जा. घरातली सगळी औषधं, ॲसिडिटीच्या कॅप्सूल, आयुर्वेदिक चूर्णं, देवघरातली अंगाऱ्याची पुडी सोडून बाकी सगळं, एका पिशवीत घालून न्या. पत्र समोर बसून लिहून घ्या, आणि खाली त्यांचा मोबाईल नंबर आहे ना ते बघूनच उठा.